अर्धी मात्रा आधी

भूपेंद्र कडूला सरळ करण्याचा रोग होता. चाळीस वर्षांच्या मैत्रीच्या जोरावर मी हे म्हणतो, आणि त्याच्या तोंडावरही म्हणत आलो आहे. कुणाच्या घरी गेला आणि भिंतीवरचा फोटो कललेला दिसला, की घरधनी पाणी आणायला वळेपर्यंत हा स्टुलावर चढलेला. चहाच्या हॉटेलात टेबल डुगडुगलं, तर चहा निवला तरी बेहत्तर, आधी पायाखाली कागदाची घडी. धंद्यानं तो पावरलूमचा मिस्त्री. आमच्या बुऱ्हाणपुरात लूमच्या गल्लीतून जाताना बाकीच्यांना नुसती खडखड ऐकू येते. कडू मध्येच थांबायचा, कान टवकारायचा, "आतल्या तिसऱ्या लूमचा धोटा उशिरा सुटून राह्यला" म्हणायचा आणि कुणी बोलावलेलं नसताना आत शिरायचा. दहा मिनिटांनी हात पुसत बाहेर. मालकाला बिघाडाचा पत्ताही नसायचा.

मी रमेश, गणिताचा मास्तर, आता निवृत्त. मलाही हाच रोग, फक्त माझा तालाचा. राजपुऱ्यातल्या देवळात दर गुरुवारी आमचं भजन असायचं. कडू पेटीवर, मी तबल्यावर. ज्यांना गाण्याबजावण्यातलं फार कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ताल गोल फिरतो आणि फिरून ज्या पहिल्या मात्रेवर येतो ती सम. गाणारा कितीही हिंडो, समेवर घरी आला पाहिजे. माझ्या भजनात कुणी सम चुकवली तर मी तबला थांबवायचो. भर देवासमोर थांबवायचो. देव वाट पाहील, मी पाहणार नाही, असा माझा तोरा होता.

अशा दोन शहाण्यांच्या मध्ये कोकिळावहिनी सापडल्या.

त्या कडूची बायको. भुसावळच्या. वडील रेल्वेत, लोकोशेडला. रेल्वेच्या क्वार्टरमागं साहेब लोकांचं एक इन्स्टिट्यूट, म्हणजे त्यांचा क्लब, होतं. नाताळच्या आठवड्यात तिथं नाच व्हायचे, मुंबईहून, कधी गोव्याहून बँड यायचा. कोकिळावहिनी आणि त्यांची थोरली बहीण रंभा, दोघी कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसायच्या, थंडीत एकाच शालीत. आत पियानो वाजायचा. "पियानो कसा दिसते हे मले बारा वर्षांनी कळलं," त्या सांगायच्या, "पण आवाज अजून कानात हाये." लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर भांडीकुंडी, शिवणयंत्र आणि त्या आवाजातली एक चाल आली. शब्द नाहीत, नुसतं तोंडातल्या तोंडात गुणगुणणं. कणीक मळताना, केळीचे वेफर उन्हात पसरताना, तृप्तीच्या वेण्या घालताना. तृप्ती म्हणजे त्यांची मुलगी, आता इंदुरात असते.

चाल गोड होती, पण अर्धी मात्रा आधी सुरू व्हायची. सम यायच्या आतच बाई दारात हजर! आम्हा दोघांच्या कानाला ते दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

कडू ओट्यावरून ओरडायचा, "कोकिळे, समेवर ये!" कधी पेटी पुढ्यात असली तर ती ओळ तो नीट करून वाजवून दाखवायचा, पहिल्या मात्रेवर बसवून, चौकोनी. मी तिथं असलो तर मांडीवर ठेका धरायचो. वहिनी थांबायच्या. पुन्हा सुरू करायच्या, पुन्हा आधीच. एकदा त्यांनी सरळ सांगितलं होतं, "मास्तर, ते असंच हाये. तिथे असंच वाजवत होते."

"वहिनी, नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणालो होतो आणि कडू खो खो हसला होता.

त्याहून वाईट गोष्ट सांगतो. भजनात त्या टाळ वाजवायच्या. एका गुरुवारी तो टाळही आधी पडायला लागला. पुढं धावणारा नाही, दर आवर्तनात बरोबर तेवढाच आधी. ही बाई चुकत नाही, दुसरंच काही ऐकते आहे, हे गणिताच्या मास्तराच्या तरी लक्षात यायला हवं होतं. चूक अशी नेमानं होत नसते. पण मी तबला थांबवला आणि वीस बायकांसमोर म्हणालो, "वहिनी, टाळ खाली ठेवा. तुम्ही नुसतं म्हणा." त्यांनी टाळ खाली ठेवला. पुढच्या गुरुवारपासून त्या प्रसाद वाटायला उभ्या राहू लागल्या आणि अखेरपर्यंत तेच काम केलं. मी तेव्हा घरी जाऊन पोटभर जेवलो होतो.

दोन वर्षांमागं माघात, चार दिवसांच्या तापात कोकिळावहिनी गेल्या.

तेराव्यानंतर सगळे पांगले. मी रोज सकाळी कडूकडं जाऊन बसायचो. बोलायचं काय, हा दोघांनाही प्रश्न, म्हणून पेपर वाचायचो. एके दिवशी तो म्हणाला, "मास्तर, तिची ती चाल म्हणून दाखव जरा."

मी गुणगुणून दाखवली. त्यानं मान हलवली. मग त्यानं स्वतः गुणगुणून पाहिली. मग आम्ही एकमेकांकडं पाहिलं. दोघांनीही समेवर सुरू केलं होतं. चाल तीच, सूर तेच, आणि ती वहिनींची मुळीच नव्हती. एखाद्या भजनाची पहिली ओळ वाटत होती. आम्ही मुद्दाम आधी सुरू करायचा प्रयत्न केला, तर ते घाईघाईचं, धापा टाकणारं काहीतरी झालं. वहिनींच्या गळ्यात घाई कधीच नव्हती.

त्यानं तृप्तीला फोन केला, तर तिलाही बापानं वाजवलेली चौकोनी ओळच तेवढी आठवत होती. मग तिच्याकडून सगळे व्हिडिओ मागवले. वाढदिवस, गृहप्रवेश, ताप्तीच्या घाटावरची सहल. सगळ्यांत वहिनींचा आवाज होता. "केक काप आता", "पंखा बंद कर", "अहो, इकडे पाहा". गुणगुण कशातच नव्हती. माणूस रोज करतो ते कुणी रेकॉर्ड करत नाही.

मग रंभाबाईंना फोन लावला. त्या सत्तरी ओलांडलेल्या, सुरतेला लेकीकडं असतात, कानानं कमी. पाय मोडल्यामुळं बहिणीच्या दिवसांनाही येता आलं नव्हतं. कडूनं फोन तोंडाशी धरून ती ओळ दोनदा, तीनदा म्हटली. मी शेजारी बसून ऐकत होतो. पलीकडून रंभाबाई म्हणाल्या, "नही हो भाऊ. असं काही नव्हतं तिथे. हे तर आरतीवानी हाये."

फोन ठेवून कडूनं आपल्या हातांकडं पाहिलं. "मास्तर, मी तिची चाल सरळ करून टाकली," तो म्हणाला. "अडतीस वर्षं करत बसलो. आता ती माह्याही डोक्यात वाकडी राह्यली नही." मग तो रडला. कडूला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट घट्ट बसली. ती चाल जशी होती तशी परत आणायची आणि रंभाबाईंना ऐकवायची. त्या भिंतीवर बसलेल्या दोघींपैकी आता एकच उरली होती. तिनं ओळखली तर खरी. आणि तिचं वय काही थांबणार नव्हतं.

पुढचं घडलं ते गावातल्याच बुधवारा भागात. तिथं एका पिठाच्या गिरणीवरच्या माडीत सायली नावाची मुलगी कीबोर्डचे क्लास घेते. पंचविशीतली, पियानोच्या विलायती परीक्षा इंदूरला जाऊन दिलेली. कडू खाली गिरणीत दळण घेऊन उभा होता आणि वर सायली नव्या कीबोर्डची बटनं तपासत होती. त्या यंत्रांत तयार ठेके भरलेले असतात, बटन दाबलं की वाजायला लागतात. एकामागून एक ठेके बदलत होते. एक ठेका आला आणि कडू दळण तिथंच सोडून जिना चढला.

"बेटा, ते बटन पुन्हा दाब."

"कौनसा काका? ये वाला?"

"हेच. बंद नको करू."

तो दारात उभा राहून ऐकत राहिला. त्या ठेक्यात खालचा जाड सूर पडायचा तो नेमका पडायला नको तिथं, आणि जिथं पडायला हवा तिथं काहीच नसायचं. हे त्यानं मला नंतर सांगितलं. तेव्हा त्याला एवढंच जाणवलं, की ह्या ठेक्यावर कोकिळा चुकली नसती.

सायलीनं सांगितलं, हे लॅटिन जॅझ. क्यूबा वगैरे देशांकडचं. तिकडची नाचाची गाणी आणि अमेरिकेतलं जॅझ एकत्र होऊन झालेलं. जुने नाचाचे बँड हे फार वाजवायचे, आणि ह्यात पियानो नुसता गोड गोड वाजत नाही, तोही ठेकाच धरतो. "पण काका, मलाही हे अर्धंच येतं. परीक्षेत नसतं ना. आपण साथ में सीख लेंगे."

आता घोडं पुढं दामटायचं तर पियानो हवा. तृप्तीनं इंदुरातून विजेवर चालणारा, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा पियानो पाठवला. ऑटोवाला आणि मी मिळून तो कडूच्या घरच्या माडीवर चढवला, तेव्हा मी म्हणालो, "कडू, साठी बुद्धी नाठी ऐकलं होतं, तू पासष्टीपर्यंत कळ काढलीस." तो हसला नाही. तो पियानोच्या पायाखाली कागदाची घडी घालत होता.

शिकवणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. ती फक्त पेटीवाल्याचीच होऊ शकते. पेटी वाजवणाऱ्याचा उजवा हात सुरांवर असतो आणि डावा भात्यावर. कडूचा डावा हात पन्नास वर्षं फक्त हवा भरत आलेला. सायली म्हणे, "काका, डाव्या हातानं हे दोन सूर," आणि डावा हात एक सूर दाबून जो पट्ट्यांवरून उडायचा तो मागं जाऊन हवेतच भाता मारायचा. पुन्हा आणला, पुन्हा उडाला. मी हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होतो. सायली बिचारी ओठ चावून गंभीर राहायचा प्रयत्न करत होती. "काका, हवा मत भरो, यात करंट आहे!"

तीन महिने त्या डाव्या हाताशी झुंज चालली. शेवटी कडूनं मिस्त्रीची अक्कल लावली. डाव्या मनगटाला सुतळी बांधून ती पियानोच्या कडेला अडकवली, हात उडाला की हिसका बसावा म्हणून. मनगटाला वळ उठले. मी म्हणालो, हे शिकणं आहे की गुरं बांधणं? पण हात बसला.

खरी अडचण तर पुढंच होती. सायलीनं एका कागदावर सोळा घरं आखली. म्हणाली, हे एक आवर्तन समजा. सोळा म्हटल्यावर मी जागा झालो, आमचा त्रिताल सोळा मात्रांचा, तिची घरं मात्र अर्ध्या अर्ध्या मात्रेची. तिनं खालच्या सुरांच्या जागी फुल्या मारल्या. चौथ्या घरात, सातव्या, बाराव्या आणि पंधराव्या.

"आणि पहिल्यात?" मी विचारलं.

"वहाँ कुछ नहीं. पंधराव्याचा सूर धरून ठेवायचा, एक ऐसे ही निकल जाने दो."

"नवव्यात?"

"तिथंपण नाही."

म्हणजे सम रिकामी आणि काल, म्हणजे समेसमोरची नववी मात्रा, तीही रिकामी. त्रितालाचे दोन खांब, दोन्ही गायब. मला जो राग आला तो सांगण्यासारखा नाही. "ज्याला सम नाही तो ताल नाही, तो गोंधळ," असं त्या पोरीला ऐकवून मी जिना उतरलो आणि पंधरा दिवस कडूच्या घराकडं फिरकलो नाही. कडूची तर त्याहून वाईट दशा. त्याला वाजवायचं होतं, पण पहिली मात्रा आली की त्याचं बोट आपोआप पडायचं. सायली ओरडायची, "एक छोड दो काका, एक छोड दो!" तो म्हणायचा, "सोडतो बेटा," आणि पुन्हा धप्पकन एकावर. जित्याची खोड. उजव्या हातात एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा असतो, त्याला मोंतुनो म्हणतात, तोही सगळा मात्रांच्या मधल्या फटींतून चालतो. कडू त्याच्याही फटी बुजवून टाकायचा. सायलीनं एकदा वैतागून विचारलं, काका, तुम्ही हे आपोआप दुरुस्त का करता? त्यानं मला हे सांगितलं तेव्हा आवाज उतरला होता.

पंधरा दिवस मी घरी बसून काय केलं? मला झोंबलेली गोष्ट मी गणितानं सोडवतो. सायलीनं त्या कागदावर वर आणखी पाच फुल्या मारल्या होत्या, दोन लाकडं एकमेकांवर आपटून वाजवायचा ठोका, त्याला क्लावे म्हणतात. एक, चार, सात, अकरा, तेरा. मी ते मांडीवर वाजवत बसलो. पहिले दोन दिवस वैतागून. तिसऱ्या दिवशी ते फिरायला लागलं. सम कुठं गेली नव्हती. सम होती, लाकडांचा पहिला ठोका तिच्यावरच पडत होता, सगळ्यांना ती माहीत होती, आणि म्हणूनच खालचा सूर तिच्यावर पाय देत नव्हता. तो तिच्या आधीच येऊन थांबायचा, पाहुणा यायच्या आधी घरचं माणूस दारात येऊन उभं राहतं तसा.

आणि मग वीस बायकांसमोर खाली ठेवलेला तो टाळ आठवला. नेमानं, दर आवर्तनात, तेवढाच आधी. माझे हात थांबले. मी बायकोला, मालतीला हाक मारली आणि सांगितलं, "मी कोकिळावहिनींचा फार मोठा अपमान केला होता." ती म्हणाली, "आत्ता कळलं का?"

मी कडूच्या घरी जाऊन तृप्तीच्या जुन्या दांडिया शोधून काढल्या आणि त्याच्या पुढ्यात बसलो. माफीबिफी काही मागितली नाही, आमच्यात ती पद्धत नाही. म्हणालो, "मी सम मनात धरतो. तू सोड."

त्यानंतर आठ महिने. मी दांडियांवर पाच ठोके, कडू डाव्या हातानं खालचे सूर, उजव्यानं मोंतुनो. सायली आठवड्यातून दोनदा यायची, आमच्याकडं पाहून कपाळाला हात लावायची, कधी टाळी द्यायची. गल्लीतले लोक विचारायचे, दोन म्हातारे दुपारी हे काय वाजवतात, ना भजन ना गाणं. कडूचं मन लागलं होतं. मधूनमधून तो थांबून सांगायचा, वहिनींच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाचं, त्या दोघांनी सायकलवरून जाऊन खाल्लेल्या माव्याच्या जिलेबीचं, पावरलूमच्या संपात घरी बसलेल्या ह्याला त्यांनी शिवणकामाला बसवलं होतं त्याचं. ते दिवस डोळ्यांपुढं यायचे आणि मग आम्ही दोघंही चुकायचो.

एका दुपारी ते आलं. तो वाजवत होता, मी दांडिया मारत होतो, आणि वाजवता वाजवता तो गुणगुणायला लागला. ठरवून नाही. ओळ सोळाव्या घरात सुरू झाली, समेच्या बरोबर आधी, सावकाश, धाप न लागता. स्वयंपाकघरात कुणी कणीक मळत नव्हतं म्हणून, नाहीतर वहिनीच म्हणताहेत असं मी शपथेवर सांगितलं असतं. ओळ संपली तसा कडू थांबला आणि पट्ट्यांवर डोकं टेकलं. सगळ्या पट्ट्या एकदम वाजल्या. "इथेच राहत होती, मास्तर," तो म्हणाला. "मीच तिथून उठवत होतो तिले."

यंदा माघात वहिनींच्या तिथीला रंभाबाई आल्या. काठी टेकत, कानात मशीन, नातीचा हात धरून. जेवणं झाली. तृप्ती आली होती, मालती होती, सायलीलाही बोलावलं होतं. कडूनं रंभाबाईंना पियानोशेजारच्या खुर्चीत बसवलं. त्याचा शर्ट पाठीवर ओला झालेला मला दिसत होता.

"आक्का, एक ऐकवतो. ओळखा."

आणि त्यानं वाजवलं. भीतीनं माणूस जुन्या घरी पळतो. पहिल्याच आवर्तनात धप्पकन समेवर पडला, मग सगळंच सरळ होत गेलं, चौकोनी, आरतीसारखं. रंभाबाईंनी ऐकून घेतलं. "चांगलं वाजवता हो भाऊ," त्या म्हणाल्या. "देवाचं हाये का?"

कडूचं तोंड उतरलं. त्यानं हात मांडीवर ठेवले. तृप्ती म्हणाली, बाबा, राहू द्या. पण मला राहवलं नाही. मी दांडिया उचलल्या आणि ठोके सुरू केले. एक, चार, सात, अकरा, तेरा. मी त्याच्याकडं पाहिलं नाही, नुसता वाजवत राहिलो. चार आवर्तनं गेली. मग खालचा सूर आला, चौथ्या घरात. मग मोंतुनो. आणि मग उजव्या हाताच्या वरच्या बोटांनी ती ओळ, अर्धी मात्रा आधी.

रंभाबाईंनी कानातलं मशीन दाबलं. मान वर केली. तोंड उघडं राहिलं. त्यांचा एक हात शेजारी गेला, खुर्चीच्या बाजूला, जणू तिथं कुणी बसलं होतं आणि शाल नीट करायची होती.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "कोकीचं! हे तर कोकीचं हाये!"

तृप्ती रडायला लागली. मालती रडायला लागली. सायली उभी राहून टाळ्या वाजवत होती. कडू हसत होता, डोळे वाहत होते आणि तो ओळ पुन्हा वाजवत होता, पुन्हा, पुन्हा, थांबायला तयार नाही. आठ-दहा वेळा झाल्यावर रंभाबाईंनी त्याच्या खांद्याला हात लावला.

"आता पुढचं वाजवा न भाऊ."

कडूचे हात थांबले. "पुढचं?"

"पुढचं म्हणजे, दुसरी ओळ. इतकीच थोडी हाये ती?"

कडूनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं. अडतीस वर्षं. पहिली ओळ सुरू झाली की ओट्यावरून हाक, मांडीवर माझा ठेका, आणि वहिनी थांबायच्या. पुन्हा सुरू करायच्या आणि आम्ही पुन्हा थांबवायचो. एकट्या असताना त्या पुढं जात असतील. आम्ही असताना एकदाही नाही.

"आम्ही ऐकली नही, आक्का," कडू कसाबसा म्हणाला.

"असं कसं?" रंभाबाईंना खरंच नवल वाटलं. "कोकीले तर दुसरीच आवडायची. पयली ती दुसरीसाठीच म्हणायची."

मी शरमेनं मेलो होतो हे इथं लिहून ठेवतो. कडू उठला, रंभाबाईंच्या खुर्चीसमोर खाली जमिनीवर बसला आणि म्हणाला, "म्हणा, आक्का."

त्यांनी डोळे मिटले आणि म्हणायला लागल्या. आवाज चिरलेला, मध्ये दम घेत, कुठं सूर निसटत. दुसरी ओळ वर चढत होती आणि सुरू होत होती ती पहिलीहूनही आधी. मी दांडिया खाली ठेवल्या. आम्ही दोघं गप्प बसून ऐकत राहिलो, आणि त्यांचं संपेपर्यंत मध्ये कुणी बोललं नाही.